रात्री खोलीत कुणीतरी हवे : प्रस्तावना

मनाचे दुखणे मनातच झाकून ठेवावे. लोक ऐकतील आणि हसतील, वाटून घ्यायला कुणी येणार नाही, अशा अर्थाचा रहीम यांचा एक दोहा आहे. बऱ्हाणपुरात तो शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, कारण रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, आमच्या गावचे. जन्माने नव्हे, पण दख्खनचे सुभेदार म्हणून आयुष्याची कितीतरी वर्षे ते तापीच्या काठी राहिले. कुंडी भंडारा त्यांच्याच काळातला, 1615 चा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत खेळवत शहरापर्यंत आणलेले. वरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रहीम यांनी हयातीत मुले गमावली, बादशहाची मर्जी गमावली. दुःख लपवा असे सांगणारा हा माणूस दुःखाला अनोळखी नव्हता, म्हणूनच तो दोहा इतका खोल जातो. तरीही हे पुस्तक त्या दोह्याच्या विरोधात लिहिले आहे.

ज्यांच्यासाठी लिहिले ती माणसे मला चेहऱ्याने ओळखीची आहेत. बदलीचा कागद हातात पडल्यावर मुलांच्या परीक्षा होईपर्यंत मुदत मागणारा आणि ती न मिळालेला पाळक. खेडोपाडी पायी फिरून चपला झिजवलेली बायबलबाई, जिला नव्या कमिटीने 'आता तरुण लोक हवेत' एवढेच सांगितले. घरदार सोडून बाप्तिस्मा घेतलेला मुलगा, ज्याला मंडळीतल्या जुन्या घराण्यांनी पंगतीला बसवले पण सोयरीक करायचे टाळले. वसतिगृहाची मेट्रन. संडे स्कूलची शिक्षिका. आणि पाळकबाई, जिची नेमणूक कुठल्याच कागदावर नसते, म्हणून जिला काढून टाकल्याचाही कागद नसतो. बाहेरच्याने दगड मारला तर त्याची साक्ष होते. मंडळीपुढे उभे राहून ती देता येते, लोक 'आमेन' म्हणतात, डोळे पुसतात. आतल्या माणसाने दार लावले तर त्याची साक्ष होत नाही. ते दुखणे घेऊन माणूस पुढच्या रविवारी त्याच बाकावर बसतो आणि गीत क्रमांक किती म्हणून शेजाऱ्याला विचारतो.

मी पाळकबाई होते. लोक अजून त्याच नावाने हाक मारतात. आमच्यावर जिथे वेळ आली ते गाव आणि ती मंडळी मी इथे सांगणार नाही. तिथली कितीतरी माणसे आजही आमची आहेत. एका रविवारी उपासना संपत आली असताना, आशीर्वादाच्या आधीच, एक वडील उठले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि आमच्या ह्यांची सेवा पुरे झाली असे ठरल्याचे वाचून दाखवले. आरोप नाही, चौकशी नाही, आधी घरी येऊन बोलणे नाही. लोक खाली बघत होते. माझ्यापुढच्या बाकावरच्या बाईने मुलाच्या सँडलचा पट्टा लावायला घेतला आणि सगळे वाचून होईपर्यंत तो लावतच राहिली. त्या कागदातले शब्द मला आज आठवत नाहीत. तो पट्टा आठवतो.

महिन्याभरात बंगला रिकामा केला आणि बऱ्हाणपुरात, लालबागेत, थोरल्या दिरांच्या घरी दोन खोल्यांत आलो. दोन ट्रंका, पुस्तकांची खोकी, हार्मोनियम आणि आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मंडळीने दिलेले भिंतीवरचे घड्याळ. ते लावायचे की नाही यावर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. ते ट्रंकेत राहिले. हार्मोनियमवर पलंगपोस पडला. ह्यांच्या तोंडी आयुष्यभर नारायण वामन टिळकांची गीते असत, दाढी करतानासुद्धा. ते गाणे थांबले. मी मात्र कामाला लागले. या घरी प्रार्थना, त्या घरी आजारी, कुणाच्या मुलाला इंग्रजी शिकव. 'बाई किती खंबीर' असे लोक म्हणत आणि मला ते आवडे. सेवेत जखमी झालेला माणूस आणखी सेवा करून ती जखम झाकतो, हे मला माझ्यावरूनच कळले; पण कळायला दोन वर्षे लागली.

शेजारी पॉवरलूम होते. बऱ्हाणपुरात लूमच्या खटखटीशिवाय गल्ली नाही. वीज गेली की एकदम जी शांतता पडते तीच कानाला टोचते. वीज गेली की शेजारीण सुपात तुरीच्या शेंगा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसे. मोमीन घरातली बाई, नवरा आणि दोन दीर लूमवर. "भाभी, ज़रा हाथ लगा दो," एवढेच ती म्हणे. आम्ही इथे का आलो, पाळकसाहेब गप्प का असतात, तिने कधी विचारले नाही. एका दुपारी शेंगा सोलता सोलता मला रडू आले, आणि थांबवता येईना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, देवाचे नाव घेतले नाही. माझ्यापुढचा शेंगांचा ढीग तिने हाताने ओढून स्वतःकडे घेतला आणि सोलत राहिली. वीज आली, लूम सुरू झाले, तरी उठली नाही. मी बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि लूमच्या आवाजात तिला त्यातले किती ऐकू आले असेल कोण जाणे.

या विषयावर विचार करताना मी नेहमी पंडिता रमाबाईंपाशी येते. केडगावच्या मुक्तिमिशनच्या रमाबाई सर्वांना माहीत आहेत. 1897 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आमचा निमाड जिल्हाही त्याच प्रांतात होता. त्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली आणि बायका केडगावला नेल्या. नर्मदाखोऱ्यातून मुंबई-पुण्याकडे येणारी लोखंडी वाट तेव्हाही खांडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ अशीच होती. आमच्या स्टेशनावर उभी राहिले की ते डबे माझ्या डोळ्यांपुढे येतात. पण ही रमाबाई देणारी आहे, मंडळ्यांना तीच आवडते, आणि भाषणांत तीच येते. मला सांगायची आहे ती 1883 मधली, पंचवीस वर्षांची रमाबाई.

तोवर तिचे आईवडील आणि बहीण दुष्काळी भटकंतीत गेले होते. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये गेला. ज्याच्याशी जात-प्रांत ओलांडून लग्न केले ते बिपिनबिहारी मेधावी 1882 मध्ये गेले. कडेवर मुलगी मनोरमा. डॉक्टर व्हायचे म्हणून ती इंग्लंडला निघाली आणि वांटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरली. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरकीची वाट बंद झाली. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत, परक्या देशातला एकुलता एक मराठी आवाज, तिने तिथेच आपला जीव घेतला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आपण ही तारीख आनंदाने सांगतो आणि पुढे जातो. मला तिथे थांबावेसे वाटते, कारण पुढे ऑक्सफर्डला माक्स म्युल्लर यांच्या घरी त्या राहिल्या तेव्हाची एक गोष्ट म्युल्लर यांनी लिहून ठेवली आहे. मैत्रिणीच्या मृत्यूच्या धक्क्याने रमाबाई इतक्या खचल्या होत्या की रात्री त्यांना एकटे राहवत नसे. घरातल्या मोलकरणीला त्यांच्या खोलीत झोपावे लागे.

या नोंदीवर मी किती वेळा परत आले असेन. संस्कृतची पंडिता, जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हटले, नव्याने ख्रिस्ती झालेली, प्रार्थना जाणणारी. तिला रात्री कुणीतरी खोलीत हवे होते. आणि जी होती तिचे नाव आपल्याला माहीत नाही. तिला मराठी येत नसणार, संस्कृत तर नाहीच. ती फक्त दिवा मालवून त्या खोलीत आडवी झाली. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात या बाईला मी फार वरचे स्थान देते.

पुढचे दुखणे वेगळ्या जातीचे होते आणि ते आमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे का यावर हिंदुस्थानातले बिशप हरकत घेऊ लागले. वांटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून, आज्ञाधारकपणावरून, अगदी जेवणावरूनही खटके उडाले. रमाबाई शाकाहारी राहिल्या, तर त्यात जुना जातीचा अभिमान दिसला. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, हा त्यांचा प्रश्न उद्धटपणा ठरला. ज्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी हात धरला त्यांनीच गर्विष्ठ म्हटले. मायदेशी आल्यावर दुसरी बाजू उलटली. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्यात गेले आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. रानडे आणि भांडारकरांसारखे आधार सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडून दारे लागलेली बाई मग तिसरीकडे, केडगावच्या उघड्या माळावर, स्वतःचे दार बांधायला निघाली.

रमाबाईंनी मन मारून गप्प बसणे पत्करले नाही. त्यांनी जेराल्डीनला पत्रे लिहिली, लांबलचक, सविस्तर, कधी दुखावलेली, कधी रागावलेली. आपला विवेक आपण कुणाच्या हाती सोपवलेला नाही हे स्पष्ट सांगणारी. आणि नाते तोडले नाही. पत्रे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. त्याहून मला हलवते ती गोष्ट ही की ती पत्रे जपून ठेवली जेराल्डीन यांनीच. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये तो पत्रव्यवहार छापला म्हणून आज आपल्याला तो वाचता येतो. ज्या बाईशी इतके भांडण झाले तिचे प्रत्येक पत्र घडी घालून ठेवणारी बाई, तिच्याही मनात काही दुखत असणार. जखम करणाऱ्यालाही जखम असते, हे मी त्या पुस्तकाच्या आधारे सांगते. मात्र पहिल्या दिवशी कुणाला सांगू नये. पहिल्या दिवशी ते ऐकणाऱ्याच्या अंगावर येते.

आमच्या भागात हे सगळे आणखी अवघड होते त्याला एक कारण आहे, आणि ते मोकळेपणाने लिहायला हवे. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक 0.29 टक्के होते. हजारात तीन. या राज्यात 1954 मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली गेली, तिचा अहवाल 1956 मध्ये आला. 1968 मध्ये धर्मांतराबाबतचा कायदा झाला, 2021 मध्ये नवा आला. त्या कायद्यांविषयी कुणाचे काय मत असायचे ते असो. माझा मुद्दा घरातला आहे. आपल्यावर सतत कुणाचे तरी लक्ष आहे असे वाटणारा छोटा समाज आपल्या घरातले भांडण बाहेर जाऊ देत नाही. 'आपल्यातच फूट आहे हे लोकांना कळले तर?' या एका वाक्याने मी कितीतरी तोंडे बंद झालेली पाहिली आहेत. लहान मंडळीत प्रत्येकजण प्रत्येकाचा नातलग असतो. पाळकाला ज्याने काढले त्याच्याच मेव्हण्याकडे पाळकाचा मुलगा शिकवणीला जातो. शहरात माणूस मंडळी बदलतो. रावेर, नेपानगर, बऱ्हाणपूर अशा ठिकाणी दुसरी मंडळी म्हणजे पुढचे स्टेशन.

आणि हे दुखणे 'मनाचे' म्हणून हलके समजू नये. 2003 मध्ये अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला लावला, आणि थोड्या वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी त्याच्याकडे चेंडू टाकायचेच बंद केले. एवढ्याशा वगळण्याने मेंदूचा जो भाग जागा झाला तो शरीराला इजा झाल्यावर जागा होणाऱ्या भागांपैकीच होता. खेळ खोटा, खेळाडू अनोळखी, वेळ काही मिनिटे. इथे तर आयुष्याची वीस-तीस वर्षे आणि प्रभुभोजनाच्या एकाच मेजावर बसलेली माणसे असतात.

पवित्र शास्त्राला हे ठाऊक आहे, आपल्यालाच ते वाचायचे धैर्य होत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विलापाची आहेत. 55 वे स्तोत्र तर थेट आपल्याच दुखण्याचे आहे: शत्रूने केले असते तर सोसले असते, पण हा तर देवाच्या घरी बरोबर चालणारा सोबती निघाला, अशी त्यातली तक्रार. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याच्या शेवटी स्तुतीची ओळ नाही. ज्यांनी ही स्तोत्रे उपासनेच्या पुस्तकात ठेवली त्यांनी त्या स्तोत्राला जबरदस्तीने उजेडात ओढले नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र विलाप वाचला जातो तो फक्त दुःखसहनाच्या सप्ताहात. एरवी कुणी रडत उठला तर वडीलजन लगेच स्तुतीचे गीत सुरू करतात. हेतू चांगला असतो. पण त्या माणसाला कळते ते एवढेच की आपले रडणे इथे नको आहे, आणि तो दुसऱ्यांदा नाकारला जातो.

एलीयाची गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच क्षणी जीव घेऊन रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन येतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा भाकर. देव त्याच्याशी बोलतो ते यानंतर, चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर. आधी भाकर, झोप, पुन्हा भाकर, चालणे; मग प्रश्न. आम्ही हा क्रम उलटा करतो. माणूस पडला की आधी वचन, मग समजावणी, मग 'तुमचेही काही चुकले असेल', आणि जेवला का हे विचारायचे राहून जाते.

आता क्षमेविषयी, कारण माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येकजण याच एका दगडाला अडखळतो. 'मी क्षमा केली, तरी दुखते. म्हणजे मी क्षमा केलीच नाही का?' प्रभूच्या प्रार्थनेतली ती विनंती म्हणताना कितीतरी सेवकांचा आवाज खाली जातो हे मी ऐकले आहे. माझे म्हणणे असे की क्षमा आणि बरे होणे या दोन गोष्टी आहेत. क्षमा हा निर्णय आहे, तो गुडघ्यांवर एका रात्रीत होऊ शकतो. बरे व्हायला वेळ लागतो आणि माणसे लागतात. मोडलेल्या हाडाने पाडणाऱ्याला क्षमा केली म्हणून ते सकाळी जुळत नाही. आणि तिसरी गोष्ट आणखी वेगळी आहे, ती म्हणजे विश्वास पुन्हा ठेवणे. तो ज्याने तोडला त्याच्या वागण्यावर अवलंबून आहे.

योसेफाने थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, विसरायला लावणारा. देवाने मला सगळे कष्ट आणि बापाचे घर विसरायला लावले, असे तो म्हणाला. त्याला तसे खरेच वाटत असणार. मग धान्यासाठी भाऊ दारात उभे राहिले आणि तो आतल्या खोलीत जाऊन रडला. एकदा नव्हे, उत्पत्तीच्या त्या अध्यायांत तो पुन्हा पुन्हा रडतो. पोटाशी लगेच धरत नाही. पारखतो. यहूदा धाकट्या भावासाठी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे त्याच्याने ओळख लपवणे होईना. जो माणूस क्षमेचा सर्वांत मोठा दाखला म्हणून आपण सांगतो त्याने इतका वेळ घेतला. आमच्या कमिट्या दोन्ही पक्षांना समोरासमोर उभे करतात, हात मिळवायला लावतात, फोटो काढतात. त्या फोटोतले दुखावलेले माणूस ओळखायला मला आता चष्मा लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्याशिवाय मला या विषयावर लिहिता येत नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि नाकारली गेली ती आधी लक्ष्मीबाई. नवरा गेला, धर्म गेला, लोकांत तोंड दाखवायची सोय गेली. त्या दुःखात त्या कविता रचू लागल्या. चार-साडेचार वर्षांनी एकत्र राहायला आल्या तरी आधी सोवळे-ओवळे आपले आपण सांभाळून. टिळकांनी ते चालू दिले. बाप्तिस्मा 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने. मला यात दिसतो तो टिळकांचा मोठेपणा, की तडकाफडकी घर सोडून घाव घालणारा तोच, पण घाव भरायची घाई त्याने केली नाही. आणि टिळकांना स्वतःलाही सेवेत दुखावणे चुकले नाही. मिशनच्या पगारी चाकराची चौकट त्यांना जन्मभर खुपली. 1917 मध्ये ती सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला, देवाचा दरबार उभारायला निघाले आणि दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला, गेले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती याच्याही कितीतरी वर्षांनी. सगळे घाव त्यात आहेत, आणि वाचताना माणूस हसतो. पण ते हसू चाळीस वर्षांचे आहे. ज्याला काल लागले आहे त्याच्या हाती ते पुस्तक द्यावे, तसे हसण्याची मागणी करू नये.

दोन गोष्टी इथे ठामपणे सांगते, पुढच्या पानांत त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. सेवेतला अपमान वेगळा आणि गुन्हा वेगळा. कुणाच्या अंगाला हात लावला गेला असेल, मुलाला इजा झाली असेल, पैशासाठी धमकावले गेले असेल, तर ते 'मंडळीत मिटवायचे' प्रकरण नाही. तिथे पोलीस आहेत, आणि मुलांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. क्षमेचे नाव पुढे करून त्या वाटेवर कुणी आडवे येऊ नये. असे आडवे आलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या बाजूला मी उभी राहणार नाही. दुसरे, झोप उडाली, अन्न नकोसे झाले, जगणे नको वाटू लागले, तर डॉक्टरकडे जावे. आमचे हे गेले. वर्षभर गोळ्या घेतल्या. 'पाळकाला कसले नैराश्य' म्हणणाऱ्यांना मी एलीयाचे झुडूप दाखवते. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र लागतो, हिंदीत मराठीत बोलता येते. तो मी आमच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला आहे.

आमच्या घरातले ते घड्याळ सातव्या वर्षी भिंतीवर आले. कारण काही मोठे घडले नव्हते. दिरांचे घड्याळ बंद पडले, ह्यांनी ट्रंक उघडली, किल्ली दिली, खिळा ठोकला. मागे मंडळीचे नाव कोरलेली पितळी पट्टी आहे. ती त्यांनी आधी रुमालाने पुसली. त्या संध्याकाळी पलंगपोसही निघाला. पहिल्या दिवशी भाताच फक्त हलवला, सूर एकही नाही. शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "साहब का बाजा ठीक हो गया क्या?"

पुढची पाने गेल्या नऊ वर्षांत आमच्या त्याच दोन खोल्यांत झालेल्या बोलण्यांतून उतरली आहेत. माणसांची नावे, गावे, खुणा बदलल्या आहेत, आणि ज्यांनी 'नको' म्हटले त्यांचे काहीही घेतलेले नाही. पुस्तक सलग वाचायची गरज नाही. तिसरे प्रकरण पाळकबायांसाठी आहे, ते नवऱ्यांनी आधी वाचावे. मंडळीच्या वडीलजनांसाठी शेवटचे प्रकरण वेगळे लिहिले आहे: कुणाची सेवा थांबवायची वेळ खरोखरच आली तर ती कशी थांबवावी, आधी कुणी घरी जावे, काय बोलावे, घर रिकामे करायला किती दिवस द्यावेत, मुलांच्या शाळेचे काय. सेवा कधी थांबवावी लागते हे मला मान्य आहे. आशीर्वादाच्या आधी कागद वाचून ती थांबवू नये.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्याकडे चार-सहा माणसे येतात. आल्याबरोबर प्रार्थना नसते, आधी जेवण. वरण-भात, ज्वारीची भाकरी, हंगाम असला तर तुरीच्या सोलाण्यांची आमटी. बोलायचे त्याने बोलावे, नाही त्याने शेंगा सोलाव्यात. भुसावळ, खांडवा, मलकापूर, परतवाड्यापासून लोक येतात आणि शेवटच्या गाडीच्या घाईने अर्धे बोलून उठतात. तसे करू नये. लांबून येणाऱ्यांनी मुक्कामाच्या तयारीनेच यावे. अंथरूण-पांघरूण आहे, बायकांची सोय माझ्या खोलीत.